धाकट्या भावाला मागाच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकू येतंय. कुणाला दाखवावं?

वडगावची_अक्का | रविवार, रात्री 11:40

नमस्कार. चार वर्षं इथं नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. आयडी नवा काढलाय, कारण जुन्या आयडीवरून ओळखणारे दोघे आमच्याच गल्लीत राहतात.

आम्ही बेळगावात, वडगावला. घरात दोन माग आहेत, आई-बाबा साड्या विणतात. भाऊ 19 वर्षांचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षापर्यंत रविवार उजाडला की बॅट घेऊन व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळणारा पोरगा. दिवाळीनंतर खेळणं सुटलं. मग मित्रांचे फोन घेणं सुटलं. रात्रभर जागा, दुपारी बारापर्यंत पांघरुणात. चार-चार दिवस अंघोळ नाही. आम्ही म्हटलं परीक्षेचं टेन्शन असेल. तीन विषय गेले तेव्हा बाबांनी मोबाईल काढून घेतला, कारण आमच्याकडे सगळ्या रोगांचं मूळ मोबाईल.

गेल्या महिन्यात मात्र निराळंच झालं. मी कांड्या भरत बसले होते. तो दारात येऊन आईला म्हणाला, "माग बंद कर. माझं नाव घेऊलालाय." आईला चेष्टा वाटली. त्यानं स्वतःच बटण दाबलं आणि माग थांबल्यावर कान देऊन दोन मिनिटं तसाच उभा. मग हळूच म्हणाला, "आता बाहेर जाऊन बोलूलालेत."

त्यानंतर आईचं टिकल्यांचं पाकीट सापडेना. सापडल्या त्या एकेक करून. परत दिलेल्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक, टीव्हीच्या लाल दिव्यावर एक, आरशाच्या मधोमध एक. आता घरचं जेवत नाही. दुकानातून बिस्किटाचा पुडा आणतो, उलटसुलट करून चिकटवलेली कड तपासतो, मगच फोडतो.

घरापासच्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून सलाईन लावलं. मावशी म्हणते सौंदत्तीला जाऊन या, यल्लम्माचं काहीतरी राहिलंय. बाबांसमोर मानसिक डॉक्टरचा विषय काढला तर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता पोराला धारवाडला पाठवायचं काय?" धारवाडला मनोरुग्णालय आहे, त्यामुळे आपल्याकडे या वाक्याचा अर्थ काय होतो ते बेळगावच्या लोकांना सांगायला नको.

त्यात माझी स्थळं बघणं चालू आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण घरात सगळे गप्प बसण्याचं तेही एक कारण आहे. हे नक्की काय असतं? आपोआप जातं का?

रानगवा | रविवार, रात्री 11:58

ताई, लगेच डॉक्टर-बिक्टर करू नका. एकदा गोळ्या सुरू झाल्या की पोरगं झोपूनच राहतं, आयुष्यभराचं होऊन बसतं. माझ्या चुलत्याच्या पोराला तीन वर्षांमागं असंच झालं होतं. खानापूरकडच्या एका जाणत्याकडे पाच अमावस्या नेला, झाला बरा. करून बघायला काय जातंय?

मलप्रभा | सोमवार, सकाळी 6:20

काय जातंय ते मी सांगते. वेळ जातो. माझ्या मुलाची दीड वर्षं गेली.

अक्का, तू लिहिलंस ते वाचून रात्री झोप नाही लागली. आमच्याकडे टिकल्या नव्हत्या, वर्तमानपत्राचे कागद होते खिडक्यांना. सविस्तर दुपारी लिहिते, शाळेत जायचंय.

सीमाभागी_डॉक्टर | सोमवार, सकाळी 7:45

मी मनोविकारांचाच डॉक्टर आहे. नुसतं वाचून निदान करणार नाही, पण वाट बघत बसू नका एवढं नक्की सांगतो.

जे तिथं नाही ते ऐकू येणं म्हणजे भास. कुणीतरी पाळत ठेवतंय, अन्नात काही घालतंय अशी पक्की खात्री, जी कितीही समजावलं तरी हलत नाही, तो भ्रम. हे दोन्ही एकत्र दिसतात त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. ही अवस्था ताप असावा तशी आहे, तिच्यामागचा आजार कुठला ते शोधायचं असतं. स्किझोफ्रेनिया असू शकतो, बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) किंवा खोल नैराश्य असू शकतं, गांजाचा परिणाम असू शकतो. कधी थायरॉईड, बी-12 ची कमतरता, फिट्सचा आजार किंवा मेंदूची सूजही निघते. म्हणून पहिल्याच भेटीत रक्ताच्या तपासण्या होतात. ताप, शुद्ध हरपणं, फिट येणं किंवा दोन-तीन दिवसांत एकदम बिघाड असं काही असेल तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या दवाखान्याची इमर्जन्सी गाठा.

मुलांमध्ये हे साधारण सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान सुरू होतं, मुलींमध्ये अनेकदा थोडं उशिरा. आणि सुरुवात तुम्ही सांगितली तशीच असते. आधी झोप उलटते, माणूस मित्रांतून उठतो, अभ्यास घसरतो, अंघोळ राहते. त्या काळात कुणालाही शंका येत नाही, तुम्हालाही यायचं कारण नव्हतं. पण आवाज सुरू झाल्यापासून पहिलं नीट औषध मिळेपर्यंत जितका काळ जातो तितकं पुढचं सावरणं जड जातं, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय. आपल्याकडे 2015-16 चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलं. त्यात अशा आजाराच्या चारपैकी सुमारे तिघांना उपचारच मिळत नव्हते.

आता नेमकं काय करायचं. त्याच्याशी आवाजांवरून वाद घालू नका, "असं काही नाही" म्हणू नका आणि "हो, मलाही येतं ऐकू" असंही म्हणू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय आणि त्यानं तुझे हाल होतायत हे दिसतंय", एवढं पुरतं. दवाखान्याचा विषय त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो त्यावरून काढा. बहुतेक वेळा ती झोप असते.

एक कळकळीची विनंती. जेवणात लपवून गोळी देऊ नका. बरीच घरं हा मार्ग धरतात. जो पोरगा बिस्किटाच्या पुड्याची कड तपासतो त्याला एकदा जरी डाळीत गोळी सापडली तर त्याचा भ्रम तुम्हीच खरा करून दाखवलात.

जीव देण्याची भाषा, आवाज काहीतरी करायला सांगतायत, कुणाला मारायची भीती, पूर्ण खाणंपिणं बंद, यातलं काही असेल तर आजच न्या, 108 बोलवा. नाहीतर या आठवड्यात. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठी निवडता येते. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

टिळकवाडी_तिसरं_गेट | सोमवार, सकाळी 9:10

डॉक्टरांच्या "वेळ" या मुद्द्याला पुरवणी. नॉर्वेत स्टाव्हँगरच्या भागात 1997 पासून एक प्रयोग झाला. वर्तमानपत्रं, शाळा, सिनेमागृहं, जिथं तिथं लक्षणांची माहिती दिली आणि कुणीही थेट फोन करावा असं पथक ठेवलं. तिथं उपचाराविना जाणारा काळ (मध्यगा, म्हणजे निम्म्या रुग्णांचा याहून कमी) 5 आठवड्यांवर आला, तुलनेच्या भागात 16 होता. पुढे जाहिराती बंद केल्या तसा तो परत वाढला. म्हणजे औषध तेच, दवाखाने तेच, फक्त लोकांना कुठं फोन करायचा ते माहीत होतं.

आणि परदेशच कशाला. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी 1984 ला स्कार्फ ही स्किझोफ्रेनियासाठी काम करणारी संस्था काढली, तिथं सायकोसिसच्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. बळ्ळारी तर आपल्याच राज्यात. तालुक्याच्या साध्या डॉक्टरनं हे आजार ओळखावेत, औषध द्यावं, हा प्रयोग तिथं 1985 च्या सुमारास झाला आणि त्याच धर्तीवर 1996 ला देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. आपल्या भागात त्याची पाटी कन्नडमध्ये असते आणि आपण वाचायचा कंटाळा करतो, एवढंच.

रानगवा | सोमवार, सकाळी 9:31

पाटी आम्हाला वाचता येत नाही तो काय आमचा दोष? धाग्यात सीमाप्रश्न नको म्हणून गप्प बसतो.

टिळकवाडी_तिसरं_गेट | सोमवार, सकाळी 9:34

बसा.

परत_आलेला | सोमवार, दुपारी 1:15

मी आतल्या बाजूनं सांगतो. आठ वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, तुमचा भाऊ जिथं उभा आहे तिथं मी होतो.

बाहेरून वाटतं पोरगं विनाकारण घाबरतंय. आतून सगळं कारणाशिवाय असं काही राहतच नाही. रस्त्यावर कुणी खोकला तर तो इशारा, गाडीच्या नंबरातले आकडे माझ्यासाठी, कंडक्टरनं सुट्टे परत देताना हात लावला ती खूण. इतक्या खुणा जुळवता जुळवता माणूस थकून जातो. आळशी म्हणून मी बाबांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हा दिवसाचे वीस तास डोकं राबत होतं माझं.

मला धारवाडलाच नेलं होतं. डिमहान्स, म्हणजे तिथलं ते मनोरुग्णालय. तुमच्या बाबांना सांगा, 1845 पासूनची संस्था आहे, आणि आपण जी शिवी म्हणून वापरतो त्या गावात मला पहिल्यांदा कुणीतरी शांतपणे विचारलं की "आवाज किती आहेत?" माझ्या आईनंही हा प्रश्न विचारला नव्हता.

पण अडचण झालीच. डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होते. मला कन्नड येतं. बसचं येतं, बाजाराचं येतं, शाळेत तर पेपर दिलेत. पण माझे आवाज मराठीत होते, तेही आमच्या गावच्या. त्यातला एक आजोबांसारखा हेल काढून बोलायचा. तो कन्नडमध्ये कसा सांगणार? मी "हौदु, हौदु" (हो, हो) करत राहिलो आणि कागदावर बहुतेक भलतंच लिहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी चंदगडकडची एक शिकाऊ डॉक्टर आली. तिनं विचारलं, "काय म्हणूलालेत रे ते?" आणि मी अर्धा तास बोललो.

म्हणून अक्का, जाताना हट्ट धरा. मराठी समजणारं कुणीतरी मागा, नाहीतर तुम्ही शेजारी बसा. आणि त्याचे शब्द जसेच्या तसे एका वहीत लिहून न्या. "माझं नाव घेऊलालाय" हे तुमच्या पोस्टमध्ये आहे तसंच, सुधारून नको.

गोळ्यांबद्दल रानगवा म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. सुरुवातीला मला फार झोप यायची, तोंडाला लाळ सुटायची, चार महिन्यांत नऊ किलो वाढलो. पण तक्रार केल्यावर गोळी बदलली. आवाज एका दिवसात बंद झाले नाहीत. आधी लांब गेले, मग शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखे झाले, मग एक दिवस लक्षात आलं की कालपासून कुणी बोललंच नाही. आणि खरं सांगू? जरा एकटं वाटलं.

आता मी नोकरी करतो. लग्न झालंय. बायकोला आधी सांगितलं होतं.

मलप्रभा | सोमवार, दुपारी 4:50

आमची आणखी एक चूक झाली. मुलगा आठ महिन्यांत ठणठणीत झाला, कॉलेजला जायला लागला, आणि आम्हीच गोळ्या बंद केल्या. बरा झाला ना, मग कशाला विष घालायचं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या आणि खरं तर मलाही तेच ऐकायचं होतं. तीन महिने काही झालं नाही. चौथ्या महिन्यात तो रात्री घरातून निघून गेला, मिरज स्टेशनवर सापडला. दुसऱ्या वेळी सावरायला पहिल्यापेक्षा दुप्पट दिवस लागले.

शिक्षिका म्हणून एक सांगते. कॉलेजात भांडून नाव काढू नका. वैद्यकीय कारण देऊन सुट्टी मागा, निदान काय ते लिहायची गरज नसते. वर्ष वाया गेलं तरी जाऊ दे, नाव राहू दे. परत यायला एक जागा लागते पोराला.

घरात आवाज चढवायचं मात्र बंद करा. मला सर्वात अवघड तेच गेलं.

सीमाभागी_डॉक्टर | सोमवार, रात्री 9:05

मलप्रभाताईंनी लिहिलं ते आम्ही रोज बघतो. पहिला झटका ओसरल्यावरही साधारण एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. बंद करायचंच तर डॉक्टरच्या नजरेखाली, हळूहळू. एका जुन्या अभ्यासात पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांपैकी 82 टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा त्रास झाला, आणि औषध सोडणाऱ्यांत तो धोका जवळपास पाचपट होता. वजन, साखर, चरबी दर काही महिन्यांनी तपासून घ्या. गोळ्यांनी हात थरथरणं, मान अवघडणं, पाय स्थिर न राहणं यावर उपाय असतो, फक्त सांगायला हवं.

भाषेबद्दल: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये आजार आणि उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्याच कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचाही हक्क आहे, त्यामुळे दवाखान्यातून गल्लीत बातमी जाईल ही भीती नको. साखळीनं बांधायला तर सक्त मनाई आहे. हे शेवटचं कुणाला उद्देशून ते रानगवांनी ठरवावं.

स्थळांचं विचारलं नाही तरी सांगतो, अक्का. स्किझोफ्रेनिया निघालाच तरी (अजून ठरलेलं नाही) शंभरातल्या एकाला होणारा आजार सख्ख्या भावंडांमध्ये सुमारे नऊ-दहा जणांना होतो. म्हणजे नव्वदांना होत नाही.

रानगवा | सोमवार, रात्री 11:20

डॉक्टर, साखळीचं मनाला लागलं. आम्ही बांधलं नाही कुणाला.

पण दिवसभर विचार केला. चुलत्याच्या पोराला मी "बरा झाला" लिहिलं. बरा म्हणजे काय, तर दंगा बंद झाला. तीन वर्षांत तो अंगणाच्या पुढं गेलेला नाही. भाकरी दिली तर खातो, नाही दिली तर मागत नाही. आम्हाला शांत बसलेला दिसला म्हणून आम्ही बरा धरला. आता उशीर झाला काय?

सीमाभागी_डॉक्टर | सोमवार, रात्री 11:41

माझं बोलणं चढलं, माफ करा. उशीर झाला तरी दार बंद झालेलं नसतं. गप्प होणं, इच्छा मरणं ही सुद्धा लक्षणंच आहेत, फक्त शेजाऱ्यांना त्यांचा त्रास होत नाही म्हणून ती कुणी मोजत नाही. खानापूरच्या तालुका दवाखान्यात आधी विचारा. राज्याचा मनोचैतन्य कार्यक्रम आहे, त्यात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला येतात. वार पक्का करूनच निघा. देवाला जायचं तर जा, पण गोळी खिशात घेऊन जा.

वडगावची_अक्का | शुक्रवार, रात्री 10:15

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं. चार दिवस कसे गेले ते कळलं नाही.

मंगळवारी 14416 ला फोन केला, न्हाणीघरात नळ सोडून. मराठीत बोलल्या त्या बाई. बाबांना कसं सांगायचं ते त्यांच्याशीच ठरवलं. मग बाबांना "परत_आलेला" यांची पोस्ट वाचायला दिली. चष्मा लावून दोनदा वाचली. काही बोलले नाहीत, सकाळी माग लावला नाही.

भावाला मी खरंच झोपेबद्दल विचारलं. "अक्का, दोन महिने डोळा लागला नाही," म्हणाला, आणि रिक्षात बसला. एवढं सोपं होतं की मला रडू आलं. वाटेत मात्र गोवावेसला सिग्नलवर उतरायला लागला, मागच्या रिक्षातला माणूस फोन करूलालाय म्हणून. बाबा त्याच्या शेजारी सरकून बसले आणि त्यांनी आपलं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं. तो बसून राहिला.

जिल्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टर कन्नड बोलणारे, पण मी आधीच विनंती केली तेव्हा त्यांनी एका मराठी नर्सला बोलावलं. वही नेली होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं. बाहेर आल्यावर त्यानंच सांगितलं की पहिल्या वर्षापासून मित्रांबरोबर गांजा ओढत होता, दिवाळीनंतर रोज. बाबांचा हात उठेल असं वाटलं होतं. नाही उठला. रक्त दिलंय, थायरॉईडचा रिपोर्ट सोमवारी. गांजानं झालं की त्यानं नुसतं बाहेर काढलं ते इतक्यात सांगता येत नाही म्हणाले, पण गांजा पूर्ण बंद. रात्री एक गोळी, दहा दिवसांनी परत बोलावलंय.

गोळीचं पाकीट त्याच्याच हातात देते. तो मागचा फॉइल तपासतो, स्वतः फोडतो. कालपासून सहा तास झोपतोय. आवाज आहेतच. आईनं मागाचं ठरवलंय, तो जागा व्हायच्या आत पहाटे दोन तास आणि तो फिरायला गेला की दुपारी. साड्या कमी निघतील.

आरशावरची टिकली आज दिसली नाही. कॅमेऱ्यावरची आहे. मी काही विचारलं नाही.

दूधगंगा | शनिवार, सकाळी 8:30

धागा शांतपणे वाचत होते. माझी पुतणी, 22 वर्षांची, निपाणीत असते. मोबाईलमधली बातमी वाचणारी बाई तिच्याशीच बोलते म्हणते. निपाणीहून बेळगाव सोयीचं की कोल्हापूर?

परत_आलेला | शनिवार, सकाळी 8:52

कोल्हापूर जवळ पडेल, भाषेचाही प्रश्न नाही. पण सरकारी योजनेचं कार्ड कर्नाटकातलं असेल तर तिथं चालेल का ते आधी फोन करून विचारा. दर महिन्याला कुणाला सोबत जमणार आहे ते बघून गाव ठरवा. पहिली खेप कुणीही मारतं, सातवी खेप मारणारं माणूस कुठं राहतं ते महत्त्वाचं. पुतणी झोपते का नीट?

दूधगंगा | शनिवार, सकाळी 8:58

नाही. गच्चीवर फिरत असते. वहिनीला आत्ताच फोन लावते.